डोंगर राखणारं झाड

कोरियातल्या खेड्यांत पूर्वी घरात मूल जन्मलं की दारावर दोर बांधायचे. भाताच्या पेंढ्याचा, आणि मुद्दाम डाव्या पिळाने वळलेला. मुलगा असला तर त्यात लाल मिरच्या आणि कोळशाचे तुकडे खोवायचे. मुलगी असली तर कोळशासोबत पाइनच्या हिरव्या डहाळ्या. एकवीस दिवस तो दोर दारावर राहायचा आणि तोवर परक्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. पुढे माणूस गेला की पाइनच्याच फळ्यांची शवपेटी व्हायची, आणि डोंगरउतारावरच्या त्याच्या थडग्यामागे पुन्हा पाइनचीच रांग उभी असायची. मधल्या आयुष्यात घराचे खांब आणि तुळया पाइनच्या, हिवाळ्यात फरशीखालून घर तापवणारं सरपण पाइनचं, लिहायची शाई पाइनच्या काजळीची. माणूस पाइनखाली जन्मतो, पाइनसोबत जगतो आणि पाइनखालीच विसावतो, असं इथली जुनी माणसं म्हणतात. आधी मला ते कौतुकाचं बोलणं वाटे. आता वाटतं, तो सरळसरळ हिशेब आहे.

हा पाइन म्हणजे लाल पाइन. कोरियन लोकांचा ‘सोनामु’, वनस्पतिशास्त्रातला पायनस डेन्सिफ्लोरा. कामानिमित्त मी दक्षिण कोरियाच्या आग्नेय टोकाला, उल्सान शहरात राहते. इथल्या कुठल्याही टेकडीवर पाय ठेवला की पहिली गाठ याच झाडाशी पडते. बुंध्याशी त्याची साल जाड, करडी-तपकिरी आणि खोल भेगांची असते. नजर वर नेत गेलं की ती पातळ होत जाते, तिचे पापुद्रे सुटतात आणि आतला विटकरी, केशरीकडे झुकणारा रंग उघडा पडतो. पाऊस पडून गेल्यावर तिरपं ऊन आलं की वरच्या फांद्या पेटल्यासारख्या दिसतात. सुयांसारखी पानं दोन-दोनच्या जोडीने येतात, बुडाशी एकाच आवरणात धरलेली. समुद्रकाठचा काळा पाइन याचा सख्खा भाऊबंद. पण त्याच्या सुया बोटाला टोचतात आणि कोंब पांढरट असतात, तर लाल पाइनच्या सुया मऊ आणि कोंब तांबूस. एकदा हात लावून पाहिला की दोघांत गल्लत होत नाही.

मे महिना आला की या झाडांचा पिवळा पराग सगळीकडे उडतो. गाड्यांच्या टपांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, डबक्यांच्या पाण्यावर पिवळा थर बसतो. परागाच्या प्रत्येक कणाला हवेच्या दोन इवल्या पिशव्या असतात, म्हणून तो इतका लांब जातो. शहरातली माणसं दारं-खिडक्या लावून घेतात. पण हाच पराग पाण्यात धुऊन, वाळवून, मधात मळून लाकडी साच्यात दाबला की ‘दासिक’ नावाची पिवळीधमक वडी होते आणि ती चहासोबत पाहुण्यांपुढे येते. जे वाऱ्यावर आलं तेही या लोकांनी वाया जाऊ दिलं नाही.

उल्सानहून ग्योंगजू जवळ आहे. शिल्ला राजवटीची ही जुनी राजधानी. तिथल्या नामसान डोंगराच्या पायथ्याशी साम्नुंग नावाची जागा आहे. तीन राजांची थडगी, गवताने झाकलेले तीन गोल उंचवटे, आणि त्यांच्याभोवती लाल पाइनचं दाट बन. बे ब्यॉन्-ऊ या छायाचित्रकाराने पहाटेच्या धुक्यात या बनाची कृष्णधवल छायाचित्रं वर्षानुवर्षं घेतली आणि ती जगभर पोचली. या बनात एकही झाड सरळ नाही. कुणी कमरेत वाकलेलं, कुणी जमिनीलगत आडवं जाऊन मग वर वळलेलं, कुणी शेजारच्या झाडाला टेकायला निघून मध्येच थबकलेलं. पाहणारा त्या वळणांवर भाळतो. ती वळणं आली कुठून, याचं एक उत्तर इथे सगळेच देतात: सरळ झाडं घरांना, देवळांना आणि जहाजांना गेली. शतकानुशतकं चांगलं खोड दिसलं की त्यावर कुऱ्हाड पडत राहिली, आणि बी धरायला उरली ती वाकडी झाडं.

वाकडं झाडच पूर्वजांचा डोंगर राखतं, अशी कोरियन म्हण आहे. ती झाडांपेक्षा माणसांसाठी जास्त वापरतात. हुशार मुलं शिकून सोलला जातात, मोठी होतात. ज्याच्याकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती तो मागे राहतो, आईबापांचं करतो, थडग्यांवरचं गवत कापतो. ही म्हण पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आमच्याकडची कितीतरी घरं आठवली. बाहेर पडलेल्यांची नावं साऱ्या गावाला पाठ असतात. गावचं घर, देवघर आणि अंथरुणावरची म्हातारी माणसं सांभाळणारा भाऊ मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. साम्नुंगच्या झाडांकडे बघताना त्या भावांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

सरळ झाडांचं काय झालं, ते पाहायला उत्तरेला उल्जिनच्या डोंगरात जावं लागतं. सोग्वांग-री गावाजवळ लाल पाइनचा एक वाण वाढतो. ताठ, उंच, हळूहळू वाढणारा. वाढ सावकाश, म्हणून खोडातल्या वर्तुळांची दाटी आणि गाभ्याचं लाकूड पिवळसर, राळेने भरलेलं, सहसा न कुजणारं. राजघराण्याच्या शवपेट्या याच गाभ्याच्या होत. 1680 साली तिथल्या एका खडकावर हद्द कोरून ठेवली गेली: इथून आतलं लाकूड राजाचं, कुणी तोडायचं नाही. तो खडक आजही आहे. चोसन राजवटीने पाचशे वर्षं पाइनतोडीवर बंदी ठेवली. कारण सौंदर्याचं नव्हतं, राज्य चालवायचं होतं. राजवाडे या लाकडाचे, आणि 1592 मध्ये जपानी आरमार चालून आलं तेव्हा सेनापती यी सुन्-शिनने ज्या जहाजांनी ते अडवलं तीही याच लाकडाच्या जाड फळ्यांची. मोठं झाड पाडायचं झालं तर लाकूडतोड्या आधी ‘ओम्योंगियो!’ अशी हाळी द्यायचा. राजाची आज्ञा आहे, तू रागावू नकोस, असं झाडाला सांगायचं आणि मगच पहिला घाव. सोलचा सुंगन्येमुन हा जुना दरवाजा 2008 साली एका माणसाने लावलेल्या आगीत जळाला. तो पुन्हा उभारण्यासाठी सामचोकच्या डोंगरातले, राजघराण्याच्या पूर्वजाच्या थडग्याजवळचे पाइन निवडले गेले. राजा जाऊन शतक उलटलं, तरी अशा कामाला झाड पाडताना ती हाळी अजून देतात.

या हाळीत झाडाबद्दलचा आदर आहे, हे खरं. पण बंदीच्या दुसऱ्या बाजूला जी माणसं होती त्यांचंही ऐकलं पाहिजे. विद्वान जोंग याग्योंग, ज्यांना कोरियन लोक दासान या नावाने ओळखतात, त्यांना पाठीराखा राजा वारल्यावर 1801 ते 1818 अशी वर्षं दक्षिणेतल्या गांगजिनला हद्दपारीत काढावी लागली. तिथे त्यांनी एका भिक्षूवर कविता लिहिली. हा भिक्षू डोंगरावर फिरून पाइनची कोवळी रोपं मुळासकट उपटतोय. का, तर आरमाराचे अधिकारी येतात, वाऱ्याने पडलेलं झाडही तोडलेलं ठरवतात, मठाकडून पैसे उकळतात, मारहाण करतात. झाडच नसेल तर जाचही नाही. ज्या रोपांना त्याने एरवी पाणी घातलं असतं, तीच तो उपटत होता.

ती कविता वाचल्यापासून मी पाइनबद्दलचं कुठलंही निव्वळ गोड बोलणं सावधपणे ऐकते. झाडावरचं प्रेम वरून हुकूम म्हणून आलं आणि त्याचा भार गरिबाच्या पाठीवर पडला, की झाडच त्याला शत्रू वाटू लागतं. कुठल्याही देशाच्या वनखात्याने हे लक्षात ठेवावं.

गरिबांचं पाइनशी नातं मात्र फार जुनं आणि पोटापर्यंत गेलेलं होतं. हिवाळा सरता सरता गेल्या सालचा तांदूळ संपायचा आणि जव पिकायला अजून अवकाश असायचा. त्या दिवसांना इथे ‘जवाची खिंड’ म्हणत. ती चढून पलीकडे गेलो तर वाचलो. त्या दिवसांत माणसं पाइनची साल सोलायची. वरची कडक साल बाजूला, तिच्या आतला ओला, कोवळा थर काढायचा, पाण्यात भिजवून कुटायचा आणि मूठभर धान्यात मिसळून कण्हेरी करायची. भूक मारायची, पण पोट इतकं धरायचं की शौचाला बसणं म्हणजे यातना. हलाखीच्या गरिबीला कोरियनमध्ये ‘फाटेपर्यंतची गरिबी’ म्हणतात आणि तो वाक्प्रचार या सालीच्या दिवसांतून आला असं सांगतात. माझ्या शेजारच्या हाल्मोनी, म्हणजे आजी, आता ऐंशीच्या पुढे आहेत. लहानपणी खाल्लेल्या त्या सालीची चव त्यांना अजून सांगता येते: आधी किंचित गोड, मग तुरट, मग नुसती राळ.

चुसोकच्या आदल्या दिवशी याच हाल्मोनींनी मला सोंगप्यॉन करायला शिकवलं. चुसोक हा इथल्या सर्वांत मोठ्या सणांपैकी एक. चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेचा. आपल्या पंचांगात बहुतेक वर्षी तीच भाद्रपद पौर्णिमा असते, म्हणजे गणपती गेलेले आणि पितृपक्ष तोंडावर. इथेही त्या दिवशी पूर्वजांना नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवतात आणि थडग्यांना वंदन करायला डोंगरावर जातात. तांदळाच्या उकडीची पारी करून तिच्यात तीळ-साखर किंवा गोड मुगाचं सारण भरायचं आणि अर्धचंद्रासारखा आकार द्यायचा. माझी बोटं आपोआप कळ्या पाडायला निघाली. हाल्मोनींनी हसून हात धरला आणि नुसतं दाबून मिटायला सांगितलं. मग त्यांनी चाळणीत पाइनच्या सुया पसरल्या. सकाळीच नातवाकडून आणवलेल्या, बुडाचं तपकिरी आवरण काढून तीन पाण्यांत धुतलेल्या. त्यावर सोंगप्यॉनचा एक थर, पुन्हा सुया, पुन्हा थर. वाफ धरली तसा घरभर राळेचा, ओल्या डोंगराचा वास सुटला. आमच्याकडे मोदकांखाली हळदीचं पान असतं, तसंच हे. सुयांमुळे वड्या एकमेकींना चिकटत नाहीत, आणि सुयांतल्या तेलामुळे लवकर आंबतही नाहीत. उकडून झाल्यावर थंड पाण्यात बुचकळून, तिळाचं तेल लावून ताटात ठेवल्या, तर प्रत्येकीच्या पाठीवर सुयांच्या बारीक रेघा उमटलेल्या.

आता तसं कमी घरांत होतं. सोंगप्यॉन दुकानातून येतात. त्यात एक कारण असंही आहे की डोंगरातल्या सुया घ्याव्यात की नाही याची लोकांना भीती वाटते; आजारी झाडांना औषधं टोचलेली असतात. त्या आजाराकडे येण्याआधी पाइनचं आणि डोंगराचं नातं सांगायला हवं, कारण गोष्टीचं मर्म तिथे आहे.

लाल पाइन हे उन्हाचं झाड आहे. सावलीत त्याचं रोप तग धरत नाही. उघडा खडक, धुपलेली माती, जिथे दुसरं काही मूळ धरत नाही अशा ग्रॅनाइटच्या उतारावर ते पहिलं येतं. मुळांशी बुरशी असते. ती मातीतून पाणी आणि क्षार आणून देते आणि बदल्यात झाडाने केलेली साखर घेते. सोंगी नावाची जी महागडी, वासाची भूछत्रं शरद ऋतूत इथल्या बाजारात येतात ती याच भागीदारीचं फळ; त्यांची मोठ्या प्रमाणावरची लागवड अजून साधलेली नाही. कालांतराने सुयांचा थर साचतो, माती जाड होते, ओक येतात. ओकच्या सावलीत पाइनचं नवं रोप येत नाही आणि काही पिढ्यांत डोंगर ओकचा होतो. निसर्गाचा क्रम असा आहे.

तो क्रम कोरियात शतकानुशतकं थांबून राहिला, तो माणसांमुळे. बायका आणि मुलं बांबूची दाताळी घेऊन डोंगरावर जायची, गळलेल्या सुया ओढून चुलीसाठी आणायची. ओकच्या फांद्या सरपणाला, झुडपं खताला. त्यामुळे जमीन नेहमी उघडी, कमकस राहायची आणि ऊन तळापर्यंत पोचायचं. ओकला ते मानवायचं नाही, पाइनला हवंहवंसं व्हायचं. आपण ज्याला कोरियाचं आदिम जंगल समजतो, ती पाइनची टेकडी खरं तर चुलीसाठी राबणाऱ्या हातांनी टिकवली होती. निसर्ग इकडे आणि रोजचं जगणं तिकडे अशी रेघ इथे मारताच येत नाही.

विसावं शतक या नात्याचा कस पाहणारं ठरलं. जपानी अंमलात जंगलं तुटली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंधन कमी पडलं तेव्हा पाइनची राळ आणि मुळं गोळा करायला गावंच्या गावं जुंपली. सालीवर कापे घेऊन काढलेल्या त्या राळेच्या खुणा जुन्या खोडांवर अजून दिसतात. कडा वर्षानुवर्षं वाढून आत वळल्या, पण जखम मिटली नाही. मग 1950 ते 1953 चं युद्ध आलं. त्यानंतरच्या छायाचित्रांत कोरियाचे डोंगर पार उघडेबोडके दिसतात. 1973 पासून सरकारने वृक्षलागवडीची मोठी योजना घेतली, गावोगावचे लोक राबले, आणि एका पिढीत डोंगर हिरवे झाले. त्याच काळात चुलीत लाकडाऐवजी कोळशाच्या गोल विटा आल्या, पुढे गॅस आला. दाताळी अडगळीत गेली. आयाबायांची कंबर सुटली, आणि ते होणं गरजेचंच होतं. पण डोंगरावर सुया साचू लागल्या, ओक परतले आणि पाइनचं ऊन हरवलं.

त्यात 1988 साली बुसानमध्ये मूळचा अमेरिकेतला एक सूत्रकृमी सापडला. लांबीला एक मिलिमीटरदेखील नाही. लांब मिशांचा एक भुंगा त्याला झाडावरून झाडावर नेतो. भुंगा कोवळी साल कुरतडतो, त्या जखमेतून कृमी आत शिरतो, त्याची बेसुमार वाढ होते आणि झाडाचं पाणी वर चढणं बंद पडतं. सुया लाल होऊन खाली लोंबतात आणि काही महिन्यांत झाड मरतं. लागण झालेलं झाड वाचत नाही. 2013–14 च्या एका हंगामात वीस लाखांहून जास्त झाडं गेली. माझ्या घरापासून ग्योंगजूपर्यंतच्या रस्त्यावर डोंगरात ताडपत्रीने घट्ट बांधलेले ढिगारे दिसतात. मेलेली झाडं कापून, औषधाची धुरी देऊन झाकलेली असतात. पहिल्यांदा मी ती लांबून थडगीच समजले होते.

आणि आग. राळेने भरलेलं झाड पेटायला वेळ लागत नाही. मार्च 2022 मध्ये उल्जिनचा वणवा नऊ दिवस चालला; सोग्वांग-रीच्या त्या जुन्या पाइनांच्या उंबऱ्यापर्यंत ज्वाळा आल्या आणि जवानांनी तिथे जिवाची बाजी लावून त्या परतवल्या. मार्च 2025 च्या वणव्यांत माणसं गेली, गावं गेली, उइसोंगच्या गोउन्सा या प्राचीन देवळाच्या बहुतेक इमारती जळाल्या, आणि योंगदोकच्या डोंगरात सोंगी वेचून जगणाऱ्यांचं पुढच्या कित्येक वर्षांचं पीक राख झालं. तेव्हापासून इथे वाद पेटला आहे. एक बाजू म्हणते, जळालेल्या डोंगरावर पुन्हा पाइन लावणं म्हणजे पुढच्या आगीचं सरपण रचणं. ओक आपले येऊ द्यात. दुसरी म्हणते, पाइनवाचून कोरिया कसला?

आदराची तर कमतरता नाही. आवडतं झाड कोणतं असं विचारणाऱ्या जनमत चाचण्यांत पाइन पहिला येतो. राष्ट्रगीताच्या दुसऱ्या कडव्यात सोलच्या नामसानवरचा पाइन आहे. जेजू बेटावर हद्दपारीत असताना किम जोंग-हुइ या विद्वानाने 1844 साली काढलेलं ‘सेहान्दो’ हे चित्र देशाचा ठेवा मानलं जातं. कोरड्या कुंचल्याने काढलेलं एक रितं घर आणि थंडीतही हिरवी राहिलेली मोजकी झाडं. पडत्या काळातही पुस्तकं पाठवत राहिलेल्या शिष्याला त्याने ते भेट दिलं होतं. पण गीताने आणि चित्राने डोंगरावरच्या सुया ओढल्या जात नाहीत.

म्हणून मला येचॉन जिल्ह्यातलं सोकसोंगन्योंग सर्वांत शहाणं उदाहरण वाटतं. हे एक लाल पाइनचंच झाड आहे, सहाशे वर्षांचं म्हणतात. उंचीपेक्षा घेर कितीतरी जास्त, फांद्यांना खाली दगडी टेकू दिलेले. 1920 च्या दशकात गावातल्या यी सु-मोक नावाच्या निपुत्रिक गृहस्थाने आपली जमीन या झाडाच्या नावावर केली. झाडाला माणसासारखं आडनाव आणि नाव मिळालं, सरकारी दप्तरात नोंद झाली. तेव्हापासून हे झाड शेतसारा भरतं. जमिनीच्या उत्पन्नातून गावातल्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आणि दर वर्षी नव्या वर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला गावकरी झाडासमोर पूजा मांडतात. तिथे गेले तेव्हा मला भव्यतेपेक्षा व्यवहार भावला. झाडाचं उत्पन्न, कर, टेकूची डागडुजी, मुलांची फी. वर्षातून एकदा तरी गावाला झाडाच्या हिशेबाला बसावंच लागतं. नातं टिकतं ते अशा बसण्याने.

पाइनच्या बाबतीत मी जे शिकले ते एवढंच आहे. सगळे डोंगर पाइनचे राहावेत असा हट्ट नको. जिथे ओक येतोय तिथे येऊ द्यावा, तो मातीचा हक्क आहे. पण जिथे पाइन हवा आहे, थडग्यांभोवती, देवळांमागे, सोंगीच्या डोंगरांवर, तिथे माणसांनी पुन्हा दाताळी हातात घ्यायला हवी. आणि ती हाती घेणाऱ्याला मजुरी, मान आणि त्या डोंगरात वाटा मिळायला हवा. नुसता हुकूम गेला तर भिक्षू रोपं उपटतील आणि नुसतं कौतुक झालं तर डोंगर आपल्या वाटेने जाईल. झाड असो की गावाकडचं घर, ते राखणाऱ्याचं नाव घेतलं पाहिजे आणि त्याच्या कामात आपला हात लागला पाहिजे. लाल पाइनने कोरियाला हजार वर्षं घर, ऊब आणि अन्न दिलं. आता देण्याची पाळी माणसांची आहे, आणि ती पाळी दर वर्षी येणार आहे.